ओरडल्याने बर्फाचा डोंगर खाली येतो का?

प्रश्न : माझा मुलगा जानेवारीत कॉलेजच्या मित्रांबरोबर उत्तराखंडात बर्फातल्या ट्रेकला निघाला आहे. शेजारच्या काकांनी त्याला बजावले, 'तिथे मोठ्याने बोलू नका, आवाजाने बर्फाचा डोंगर खाली येतो.' मुलगा हसतो. त्याचे म्हणणे, बर्फ पडायचा थांबला आणि ऊन पडले की धोका संपला, आणि यंदा तर तिकडे बर्फही कमीच आहे. आमच्याकडे तोफखान्याचा सराव सुरू झाला की खिडक्यांची तावदाने थरथरतात, म्हणून मला काकांचे पटते. दोघांत खरे कोणाचे? शिवाय आठ-पंधरा दिवस निमूट पडून राहिलेला बर्फ एकाएकी घसरतो तरी कशाने? आपल्या घाटातल्या दरडीसारखेच हे असते का?
— एक वाचक भगिनी, देवळाली कॅम्प, नाशिक

उत्तर : काका चुकले आहेत आणि चिरंजीवही चुकले आहेत. पण दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. काकांचे ऐकून मुले गप्प चालली तर फार तर ट्रेक नीरस होईल. चिरंजीवांचा हिशेब धरून एखादा गट नको त्या उतारावर गेला, तर सगळे परत येतीलच असे सांगता येत नाही. म्हणून काकांचा मुद्दा आधी उरकून टाकू.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. खिडकीचे तावदान पातळ असते, चौकटीत थोडे सैलही असते, त्याला हलवायला जरासा दाब पुरतो. डोंगरावर मुरून बसलेला बर्फाचा थर तोडायला लागणारा दाब फार मोठा. स्वित्झर्लंडमधल्या हिमसंशोधकांनी हे गणित मांडून पाहिले आहे. माणसाने घसा फोडून आरोळी ठोकली तरी तिचा दाब शेकडो पटींनी अपुरा पडतो.

आता तुमच्या तोफांविषयी. तोफांनी हिमस्खलन होते, आणि काही ठिकाणी ते मुद्दाम घडवून आणतात. कॅनडात रॉजर्स पास नावाच्या खिंडीतून महामार्ग आणि रेल्वे जाते. तिथे लष्कराचा तोफखाना कित्येक दशके हिवाळाभर तळ देऊन असतो. वरच्या उतारांवर बर्फ साठला की वाहतूक थांबवायची, १०५ मिलिमीटरच्या तोफांनी त्या उतारांवर गोळे टाकायचे, साठा लहान असतानाच खाली आणायचा आणि रस्ता पुन्हा खुला करायचा, असे ते काम चालते. मात्र तिथे बर्फ हलतो तो उतारावर जाऊन फुटणाऱ्या गोळ्याच्या दणक्याने. खाली रस्त्याकडेला उडालेल्या बाराच्या आवाजाचा त्यात वाटा नाही.

तरीही ही समजूत जगभर टिकून आहे, आणि ती का टिकली हे पाहण्याजोगे आहे. ओरडणारा माणूस बहुधा त्याच उतारावर उभा असतो. बर्फ तुटतो त्याच्या पायाखालच्या भाराने, आणि आळ येतो गळ्यावर. युरोप-अमेरिकेतल्या नोंदी सांगतात, की हौसेने डोंगरात गेलेल्यांच्या जीवघेण्या हिमस्खलनांपैकी दहांतली नऊ त्या गटातल्याच कोणाच्या तरी वजनाने सुरू झालेली असतात. डोंगर आपण होऊन अंगावर आला, असे क्वचितच घडते.

मुलाच्या म्हणण्याचे उत्तर, बर्फ एकाएकी कशाने घसरतो या तुमच्या शंकेत दडलेले आहे, म्हणून तिकडे वळू.

डोंगरावरचा बर्फ म्हणजे एकसंध ढीग नसतो. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी चक्रावात हिवाळ्यात एकामागून एक हिमालयावर येतात आणि दर खेपेला एक थर टाकून जातात. नाशिककरांना या चक्रावातांची ओळख वेगळ्या वाटेने आहे. ते पुढे सरकले की उत्तरेचे गार वारे खाली उतरतात, आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती घसरला याची बातमी वर्तमानपत्रात येते. तिकडे पडलेला प्रत्येक थर वेगळा असतो: एक भुसभुशीत, दुसरा वाऱ्याने घट्ट दाबलेला, तिसरा उन्हाने वितळून पुन्हा गोठलेला. प्रश्न एवढाच, की हे थर एकमेकांना किती धरून आहेत.

निफाडचा द्राक्षबागायतदार कोणत्या रात्री जागतो? ढगाळ रात्री तो निवांत झोपतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की त्याला घोर लागतो. अशा रात्री पाने आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकून देतात, भोवतालच्या हवेहूनही गार होतात आणि त्यांच्यावरचे दव गोठते. मग बागेत शेकोट्या पेटतात. हिमालयात हीच क्रिया बर्फाच्या पृष्ठभागावर घडते. हवेतली वाफ तिथे पातळ, उभ्या पात्यांच्या नाजूक स्फटिकांत गोठते. सकाळच्या उन्हात सगळा उतार चमकतो, फोटो फार छान येतात. तोवर त्यात धोका काही नाही. पण दोन दिवसांनी त्यावर फूट-दीड फूट नवा बर्फ पडला, की ही उभी पाती खाली गाडली जातात आणि वरच्या साऱ्या थराचा भार त्यांच्यावर येतो. धोक्याचा पाया घातला जातो तो असा, वादळात नव्हे, छान शांत रात्री.

दुसरा कमजोर थर तळाशी, जमिनीलगत तयार होतो, आणि इथे चिरंजीवांचा 'यंदा बर्फ कमी' हा दिलासा उलटा पडतो. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते. वरचा पृष्ठभाग कडाक्याच्या रात्री उणे पंधरा-वीसवर जातो. बर्फ तीन मीटर जाड असेल तर हा फरक तीन मीटरांत विभागला जातो. तो अर्ध्या मीटरचाच असेल, तर तेवढाच फरक अर्ध्या मीटरात भरावा लागतो. तापमानाचा हा चढ जितका तीव्र, तितकी तळाची वाफ जोराने वर सरकते आणि वाटेतले कण नव्याने घडवत जाते. त्यातून मोठे, कोनदार, एकमेकांशी न जुळणारे कण तयार होतात. साखरेसारखे सुटे. मुठीत घेऊन दाबले तरी गोळा होत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत बर्फ थोडा पडला, थंडी मात्र कडक राहिली, तर पुढे पडणारा सगळा बर्फ या सुट्या पायावर रचला जातो. लडाख आणि काराकोरममध्ये बर्फ पातळ आणि थंडी जबर, त्यामुळे तिथे असा थर आठवडेच्या आठवडे टिकतो. पीर पंजालच्या बाजूला हवा तुलनेने उबदार आणि बर्फ भरपूर. तिथे थर लवकर बसतात, पण एकेका वादळात इतका बर्फ पडतो की नुसत्या भारानेच तो खाली येतो.

या कमजोर थरावर वाऱ्याने दाबून बसवलेली घट्ट लादी असली, की सापळा पुरा झाला. एवढा बर्फ पंधरा दिवस गप्प का राहिला? कारण तेवढा भार तो थर कसाबसा पेलत होता. त्यात एका माणसाच्या वजनाची भर पडते, पायाखाली थर हातभर जागेत खचतो, आणि शेजारच्या जागेचा आधार गेल्याने तीही खचते. हा तडा काही क्षणांत सगळ्या उतारावर धावतो. वरची लादी सुटते, तिचे तुकडे होतात, आणि माणूस बहुधा तिच्या मधोमध असतो. पहिल्या चार जणांखाली काही झाले नाही म्हणून पाचवाही सुखरूप जाईल, असा नियम नाही. लादी एका जागी जाड, दुसरीकडे पातळ असते. जिथे ती पातळ, तिथे पाय पडला की घात होतो.

दरडीशी याचे नाते आहे, पण पुरते साम्य नाही. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाडले गेले, किंवा १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी, तेव्हा कारण होते सततच्या पावसाने पाणी पिऊन जड आणि सैल झालेली माती. बर्फातही वसंतात पाणी मुरून ओली स्खलने होतात. जानेवारीतले हिमस्खलन मात्र थेंबभर पाण्यावाचून, कडकडीत थंडीत होते. म्हणून घाटातले आपले ठोकताळे तिथे चालत नाहीत.

आणि ऊन? वादळानंतरचा पहिला उन्हाचा दिवस हा सगळ्यांत फसवा. नव्या बर्फाचा भार ताजा असतो, खालच्या थराला तो अंगवळणी पडलेला नसतो. त्यात दोन दिवस तंबूत अडकलेली माणसे एकदम बाहेर पडतात. शिवाय आकाश निळे असतानाही वारा एका बाजूचा बर्फ उचलून धारेपलीकडच्या आडोशाच्या उतारावर टाकत असतो. एक कणही वरून पडलेला नसताना तिथे काही तासांत हातभर जाडीचा थर साचतो. दुपारी ऊन तापले की तो जड होतो, ढिला पडतो. वादळ थांबल्यावर निदान एक-दोन दिवस मोठ्या उतारांपासून दूर राहायचे, हा जुना डोंगरी शिरस्ता आहे. पण तळाशी सुटा थर असेल तर दोन दिवसही अपुरे.

ऋतूवरही विसंबू नये. सिक्कीममध्ये गंगटोक–नथु ला रस्त्यावर हिमस्खलन होऊन सात पर्यटक गेले, ती तारीख होती ४ एप्रिल २०२३. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षण तुकडी 'द्रौपदी का डांडा' शिखराच्या माथ्याजवळ सापडली. सत्तावीस जणांचे मृतदेह मिळाले, दोघे तेव्हा सापडले नाहीत. मृतांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी सोळा दिवसांच्या आत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सर केली होती. अनुभव उपयोगी असतो, पण बर्फाला समोरच्याचा अनुभव कळत नाही.

आता आपल्याकडच्या ट्रेकर मुलांची एक खास अडचण सांगतो. सह्याद्रीत तयार झालेली नजर बर्फात दगा देते. हरिहरच्या जवळजवळ उभ्या पायऱ्या चढताना पोटात गोळा येतो, आणि गवताळ उतार दिसला की पोरे बसून घसरत खाली येतात. जितके उभे तितके भीतिदायक, असा हिशेब हाडीमांसी खिळलेला असतो. बर्फात तो मोडतो. पन्नास-साठ अंशांच्या पुढच्या उतारावर बर्फ फारसा साचतच नाही, थोडाथोडा ओघळून जातो. पंचवीस अंशांच्या आतल्या उतारावर तो बहुधा जागचा हलत नाही. घातक पट्टा मधला, तीस ते पंचेचाळीस अंशांचा, आणि त्यातही अडतीसच्या आसपासचा. म्हणजे बरोब्बर तो उतार, जो पाहून आपला गडी म्हणेल, 'चला, सोपा आहे, सरळ उतरू.' उताराचा कोन मोजणारी ॲप मोबाइलवर मिळतात. मुलाने ते उतरवून घ्यावे आणि पहिल्यांदा पांडवलेणीच्या टेकडीवर वापरून पाहावे. डोळ्यांचा अंदाज किती चुकतो ते तिथेच कळेल.

आपण सपाटीवर आहोत एवढ्याने मात्र भागत नाही. वरचा उतार तुटला तर बर्फ सपाटीवरही येतो, म्हणून डोक्यावर काय आहे ते पाहायचे. केदारकंठासारख्या नेहमीच्या हिवाळी वाटा बऱ्याचशा जंगलातून जातात, आणि दाट झाडी बर्फाला बऱ्यापैकी धरून ठेवते. पण भर जंगलात वरून खालपर्यंत झाडे नसलेला सरळ पट्टा दिसला, किंवा झाडांच्या चढाकडच्या फांद्या तेवढ्या मोडलेल्या दिसल्या, तर ती हिमस्खलनाची रोजची वाट समजावी. तिथे तंबू ठोकायचा नाही, जेवायला बसायचे नाही. ओलांडायचीच असेल तर एकेकाने.

आवाजाचा एक उपयोग मात्र आहे, आणि तो काकांना जरूर सांगा. चालताना पायाखालून 'धप्प' असा पोकळ आवाज आला, किंवा बुटापासून बर्फात तडा धावत गेला, तर खालचा थर खचल्याची ती खूण आहे. तो आवाज सपाट जागी आला म्हणून हसून पुढे जाणारे असतात. त्यांनी उताराची बाजू सोडून आल्या वाटेने मागे फिरावे. शेजारच्या उतारावर ताजे हिमस्खलन झालेले दिसले, तरी हेच. जाणते वाटाडे बर्फात खड्डा खणून थर पाहतात. तीस सेंटिमीटर लांब-रुंद असा एक खांब मोकळा करतात, त्यावर फावडे ठेवून आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा थापा मारतात, आणि कितव्या थापेला कोणता थर सरकला ते पाहतात. ही चाचणी खड्ड्यापुरतीच खरी असते, त्यामुळे खांब टिकला म्हणजे परवाना मिळाला असे नाही. मात्र पाच-सहा थापांतच खांब निसटला, तर माघारी फिरावे.

यातून एखादा गाडला गेलाच तर? सिनेमात माणूस बर्फ फोडून हात वर काढतो, ते विसरा. ताजा बर्फ हलका असतो खरा, पण घसरताना तो घासून, दाबून घट्ट होतो आणि थांबताक्षणी आवळून बसतो. त्याचा एक घनमीटर अर्धा टन भरतो. आतल्या माणसाला बोटही हलवता येत नाही. त्याने सोडलेल्या श्वासाचा तोंडापुढे बर्फ होतो आणि हवा अडते. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के वाचतात. अर्धा तास उलटला की हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्यावर येते. हेलिकॉप्टर यायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून वाचवायचे ते सोबत्यांनीच.

तुम्ही म्हणाल, सियाचेनमध्ये तर सहा दिवसांनी माणूस जिवंत मिळाला होता. खरे आहे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी तिथल्या सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे हणमंतप्पा कोप्पद पंचवीस फुटांहून खोल बर्फाखाली जिवंत सापडले, कारण तंबूत हवेची पोकळी राहिली होती. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. बद्रीनाथजवळच्या माणा गावाशी २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन झाले, तेव्हा चौपन्न कामगारांपैकी सेहेचाळीस वाचले. त्यांतले कित्येक लोखंडी कंटेनरमध्ये होते. तिथेही भोवती हवा होती म्हणून वेळ मिळाला. उघड्या उतारावर चालणाऱ्या ट्रेकरभोवती ना तंबू असतो ना कंटेनर.

अंदाज मिळतो का? मिळतो. १९६९ साली मनालीत हिम आणि हिमस्खलन अभ्यासाची संस्था सुरू झाली. २०२० मध्ये ती संरक्षण संशोधन संघटनेच्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेत मिळवून चंडीगडची 'डीजीआरई' झाली. ही संस्था हिवाळ्यात जिल्हावार आणि उंचीवार इशारे देते: अमुक जिल्ह्यात, इतक्या मीटरच्या वर, पुढच्या चोवीस तासांत धोका किती. पुष्कळ देशांत पाच पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात, आणि तिथला अनुभव विलक्षण आहे. सर्वाधिक माणसे पाचव्या पायरीला मरत नाहीत, तिसऱ्या पायरीला मरतात. चौथी-पाचवी जाहीर झाली की लोक घरी बसतात. तिसरी म्हटले की 'मध्यमच तर आहे' म्हणून निघतात. इशारा सगळ्या जिल्ह्यासाठी असतो, तुमच्या मुलासमोरच्या एका उताराचे तो सांगत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

तेव्हा मुलाला अडवू नका, आयोजकाला मात्र फोन करा. वाटेवर तीस अंशांहून जास्त उतार कुठे आहेत आणि त्यांना वळसा आहे का? रोजचा इशारा कोण पाहते आणि तो पाहून माघार घ्यायचा अधिकार कोणाला आहे? तसे उतार ओलांडायचे असतील तर प्रत्येकाच्या अंगावर शोधयंत्र, आणि पिशवीत बर्फात खुपसून शोधायची लांब सळई व फावडे असेल का, आणि ते वापरण्याचा सराव आधी करून घेतात का? एवढे विचारा. 'आमच्याकडे आजवर कधी काही झालेले नाही' एवढेच उत्तर आले, तर भरलेले पैसे परत मागा आणि दुसरा आयोजक शोधा.